फ्लॉरिडातील फेरमोजणी

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची मुदत चार वर्षांची; तिच्या मध्यावर प्रतिनिधिगृहाचे सर्व ४३५ व सेनेटचे सुमारे एकतृतीयांश सभासद निवडले जातात. ही मध्यावधी निवडणूक ठरल्या वेळीच होते. लोकसभा विसर्जित झाल्यावर आपल्याकडे होणाऱ्या मध्यावधीशी विद्यार्थ्यांनी तिची गल्लत करू नये.

६ नोव्हेंबर २०१८ रोजी फ्लॉरिडात सेनेटच्या जागेसाठी डेमोक्रॅट बिल नेल्सन व रिपब्लिकन रिक स्कॉट उभे होते. मते पडली ऐंशी लाखांहून अधिक. अंतर अर्ध्या टक्क्याच्या आत असल्यास यंत्राने पुन्हा मोजावे, पाव टक्क्याच्या आत असल्यास यंत्राला न उमगलेल्या मतपत्रिका माणसांनी पाहाव्यात, असा तेथील कायदा. दोन्ही झाले, स्कॉट १०,०३३ मतांनी विजयी ठरले. फेरमोजणीने निकाल क्वचितच फिरतो.

ब्रॉवर्ड परगण्यात मात्र चमत्कारिक प्रकार दिसला. तेथील मतपत्रिकेवर सेनेटचा रकाना सूचनांच्या खाली, कोपऱ्यात छापलेला होता. हजारो मतदारांनी गव्हर्नरपदासाठी खूण केली आणि हा रकाना कोराच सोडला. कोरा रकाना कितीदाही तपासा, त्यातून मत निघावयाचे कसे?

१८ नोव्हेंबरला नेल्सन यांनी पराभव मान्य केला. सेनेटमध्ये रिपब्लिकन ५१ चे ५३ झाले. प्रतिनिधिगृह डेमोक्रॅटांकडे गेले.