एका पिसाची चांदणी

एखादे फूल नीट पाहायचे तर जमिनीवर पालथे पडावे लागते, असे सांगितले तर तुम्हाला खरे वाटेल का? अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील मोहावे व सोनोरा या वाळवंटांत अशी एक इवलीशी वनस्पती आहे. ‘मोनोप्टिलॉन’ हे तिच्या प्रजातीचे नाव. या प्रजातीत दोनच जाती आहेत. दोन्ही एकवर्षायू, म्हणजे एकाच हंगामात रुजून, फुलून, बी धरून मरणाऱ्या.

ही वनस्पती सूर्यफुलाच्या कुलातील. म्हणून आपण जिला ‘फूल’ म्हणतो तो वस्तुतः अनेक लहान पुष्पकांचा गुच्छ, म्हणजे स्तबक असतो. झेंडूचे फूल उकलून पाहा, म्हणजे हे ध्यानात येईल. मोनोप्टिलॉनच्या स्तबकात मध्यभागी पिवळी बिंब-पुष्पके व कडेने पांढरी किरण-पुष्पके असतात. पाने अरुंद व केसाळ. एका जातीत फळाच्या माथ्यावर एकच राठ केस असतो व त्याचे टोक पिसासारखे असते. ग्रीक भाषेत ‘मोनोस’ म्हणजे एक, ‘प्टिलॉन’ म्हणजे पीस. नाव पडले ते यावरून.

पाऊस बेताचा झाला तर रोप बोटाच्या पेराएवढेच राहते व एखादाच स्तबक धरते. भरपूर झाला तर वीतभर पसरून फुलांनी झाकून जाते.

पण पुरेसा पाऊस झाला हे बी कसे ओळखते? फ्रिट्स वेंट या शास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात कॅलिफोर्नियातील वाळवंटी मातीवर प्रयोग केले. मातीवर सुमारे २५ मिलिमीटर पावसाइतके पाणी शिंपडले की तीतील एकवर्षायू वनस्पतींचे बी रुजे. तीच माती खालून भिजवली तर रुजत नसे! कारण, बियांतील अंकुरणरोधक द्रव्ये वरून झिरपणाऱ्या पाण्यानेच धुऊन जातात. बी जणू पर्जन्यमापकच!

तरीही पुढे पाऊस दगा देऊ शकतो. म्हणून वाळवंटी एकवर्षायू वनस्पतींचे सगळे बी एकाच वर्षी रुजत नाही. यामागचे गणित डॅन कोहेन यांनी १९६६ साली मांडले. आपण सोपे उदाहरण घेऊ. समजा, चांगल्या वर्षी प्रत्येक रोप १० बिया देते, वाईट वर्षी एकही नाही. आणि न रुजलेले बी टिकून राहते. १०० बिया दरवर्षी सगळ्या रुजल्या, तर चांगल्या वर्षानंतर १००० होतील व पुढच्या वाईट वर्षी शून्य. वंश संपला! निम्म्याच रुजल्या तर पहिल्या वर्षी ५० + ५०० = ५५०, आणि वाईट वर्षानंतरही २७५ शिल्लक. मातीत निजलेले बी वाया गेलेले नसते. ती वंशाची ठेव असते.

करून पाहा : टोमॅटोच्या गरातही अंकुरणरोधक द्रव्ये असतात. काही बिया स्वच्छ धुऊन, तर काही गरासकट, दोन बशांत ओल्या टीपकागदावर ठेवा. कोणत्या आधी रुजतात व का, ते वहीत लिहा.