भुलीच्या डॉक्टरांपासून काही लपवू नकोस

अगं, ऑपरेशनला घाबरणाऱ्या बायका मला कमी भेटल्या. घाबरतात त्या भुलीला. इतकी वर्षं थिएटरमध्ये नर्स म्हणून उभी आहे, आणि टेबलावर चढता चढता माझा हात घट्ट धरून विचारलेले प्रश्न जवळपास सारखेच असतात. परत शुद्ध येईल ना? मध्येच जाग आली तर? भुलीत तोंडातून भलतंसलतं निघालं तर? पाठीत सुई दिली की कंबर जन्माची जाते, खरं का? तुझं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन ठरलंय आणि तुझ्याही पोटात हाच गोळा आहे, हे मला परवा तुझ्या आवाजावरूनच कळलं. म्हणून बैजवार लिहिते. धाकट्या वहिनीलाही वाचून दाखव, तिचे दिवस भरत आलेत.

तुला वाटतं, एक इंजेक्शन देतात, बाई झोपते आणि मग ती आपली आपण उठेल की नाही हे देवाच्या हातात. तसं नसतं, बाय. सुरुवातीचं इंजेक्शन काही मिनिटंच पुरतं. पुढची झोप श्वासातून जाणाऱ्या वायूवर किंवा सलाईनमधून थेंबाथेंबानं जाणाऱ्या औषधावर टिकवलेली असते. ते औषध भुलीचे डॉक्टर सतत चालू ठेवतात म्हणून तू झोपलेली असतेस. बंद केलं की थोड्या वेळात जाग येते. आणि ते डॉक्टर तुझ्या डोक्याशी बसलेले असतात. शेवटचा टाका पडून तू डोळे उघडेपर्यंत, हाक मारली की ओ देईपर्यंत, त्यांचं काम संपत नाही.

बोटाला एक चिमटा लावतात, तो तू पाहिला असशील. त्याचा टिक् टिक् आवाज थिएटरभर चालू असतो. रक्तातला प्राणवायू कमी व्हायला लागला की तो आवाज खालच्या पट्टीत उतरतो. डॉक्टर पाठमोरे असोत, औषध भरत असोत, आवाजाची पट्टी जरा उतरली की त्यांची मान झटकन वळते. मी हे रोज बघते. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली या यंत्रामागची युक्ती शोधली. आज तालुक्याच्या लहानशा थिएटरमध्येही चिमटा लावल्याशिवाय भूल देत नाहीत.

पूर्वी यातलं काहीच नव्हतं. १२ जानेवारी १९२४च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, येरवड्याच्या तुरुंगातून आणून. कर्नल मॅडॉक यांनी केलं. क्लोरोफॉर्मची भूल. ऑपरेशन चालू असताना वीज गेली, नर्सच्या हातातली बॅटरीही विझली, आणि शेवट कंदिलाच्या उजेडात उरकावा लागला. मॉनिटर नाही, चिमटा नाही. नाडीवर बोट आणि श्वासावर डोळा, एवढ्यावर तो पेशंट सुखरूप बाहेर आला. आधी संमतीच्या कागदावर सही करताना त्यांचा हात थरथरत होता, आणि ते त्यांनी श्रीनिवास शास्त्रींना बोलूनही दाखवलं होतं. तेव्हा संमतीपत्रावर तुझा हात कापला तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त सही करण्याआधी तो कागद वाच, किंवा कुणाकडून तरी वाचून घे.

धोका मुळीच नाही असं मी म्हणणार नाही, तसं सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवू नकोस. पण केवढा, ते ऐक. ब्रिटनमधले भूलतज्ज्ञ सांगतात की बाकी तब्येत धड असलेल्या माणसाचं आधी ठरवून केलेलं ऑपरेशन असेल, तर निव्वळ भुलीमुळे जीव जाण्याचा धोका लाखात एकाच्या आसपास असतो. मध्येच जाग येण्याबद्दल त्यांनी देशभर पाहणी करून २०१४ साली अहवाल काढला, त्यात पूर्ण भुलीच्या साधारण १९,००० पेशंटांमागे एक असा हिशेब निघाला. आपल्या गावातले आकडे याहून वेगळे असू शकतात, कारण आपल्याकडे माणूस फार उशिरा आणि अंगात रक्त नसताना दवाखान्यात पोचतो. त्यातलं रक्त वाढवणं तरी आपल्या हातात आहे. हिमोग्लोबिन कमी असेल आणि ऑपरेशन तातडीचं नसेल, तर डॉक्टरांनी सांगितलेल्या लोहाच्या गोळ्या संपव आणि मगच तारीख घे.

आणि ते बरळणं. पूर्ण भुलीत तोंडातून शब्द फुटत नाही, तुझ्या बाबतीत तर श्वासाची नळीच घशात असेल. जाग येताना कुणी दोन शब्द पुटपुटतं, बहुतेक वेळा "पाणी" नाहीतर मुलाचं नाव. मनातली गुपितं कुणी सांगत बसत नाही. चार बायकांत ही भीती सांगायची लाज वाटते म्हणून ती तशीच आत राहते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता वहिनीसाठी. सिझर झालं तर तिला बहुधा कमरेखालची भूल देतील. पाठ वाकवून बसवतात आणि मणक्यांच्या मधल्या जागेतून अगदी बारीक सुईनं औषध सोडतात. पाय जड होतात, ऊब वाटते. मग डॉक्टर स्पिरिटचा गार बोळा मांडीवर, पोटावर, छातीखाली फिरवत विचारतात, "इथे गार लागतंय? आणि इथे?" गारवा कुठे संपतो ते तिनं नीट सांगायचं, भूल कुठवर चढली हे त्यावरून कळतं. ओढल्यासारखं, दाबल्यासारखं जाणवेल, दुखता कामा नये. दुखलं तर त्याच क्षणी बोलायचं, सोसायचं नाही. सुईच्या जागी चार दिवस ठणका राहतो. जन्माची कंबरदुखी मात्र त्या सुईमुळे येत नाही; ज्यांनी सुई घेतली आणि ज्यांनी घेतली नाही अशा बाळंतिणींची तुलना करून हे पाहिलेलं आहे. कंबर धरते ती नऊ महिन्यांच्या भारानं, सैल झालेल्या सांध्यांनी आणि वाकून वाकून पाजण्यानं. सासूबाई ऐकणार नाहीत, तरी तू सांग.

एक त्रास मात्र सुईमुळे होऊ शकतो, डोकेदुखी. बारीक सुयांमुळे आता शंभरात एखादीलाच होते. तिची खूण अशी, की उठून बसलं की डोकं ठणकतं आणि आडवं झालं की उतरतं. असं झालं तर बाम चोळत घरी बसू नका, दवाखान्यात कळवा. त्यावर उपाय आहे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. भुलीचे डॉक्टर आधी भेटतील. तोंड मोठं उघडायला सांगतील, जीभ बाहेर काढायला, मान मागे टाकायला. नळी घालणं सोपं जाईल की अवघड, ते बघत असतात. मग प्रश्न विचारतील. तिथे आपल्या बायका खोटं बोलतात गं. वाईट हेतूनं नाही, नवरा शेजारी उभा असतो म्हणून, दीर उभा असतो म्हणून. मशेरी लावतेस? "नाही." किती तरी जणींचं ते "नाही" मी ऐकलंय. तंबाखूनं नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढतात, डॉक्टरांना ते माहीत हवं. पाळी चुकली असेल तर सांग. दात हलत असेल, रात्री मोठ्यानं घोरत असशील, जिना चढताना दम लागत असेल, तर सांग. नवरा बाजूला असेल तर स्पष्ट म्हण, "डॉक्टर, मला एकटीला बोलायचंय." त्यांना सवय असते.

गुडघ्यासाठी तू कुणाकडून तरी पुड्या आणतेस ना, त्या तर आवर्जून दाखव. बिननावाच्या पुड्यांत कित्येकदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. ते महिनोन्‌महिने पोटात गेलं आणि एकदम थांबलं, तर टेबलावर रक्तदाब कोसळू शकतो, आणि कारण डॉक्टरांच्या लक्षात लवकर येत नाही. बीपी, साखर, थायरॉइड, रक्त पातळ करणारी गोळी, यातली कुठली सकाळी घ्यायची आणि कुठली आधीच बंद करायची, ते त्यांनाच ठरवू दे. शेजारणीनं तिच्या वेळी काय केलं ते इथे लागू नाही.

घरातल्यांचं आठवून ठेव. ऑपरेशननंतर कुणाला उशिरापर्यंत श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागलं होतं का? भुलीत कुणाचा ताप एकाएकी भडकला होता का? स्नायू सैल करणाऱ्या एका औषधाचा असर काही माणसांत तासन्‌तास उतरत नाही. हा दोष रक्ताच्या नात्यात चालत येतो. आपल्या देशात आर्यवैश्य समाजात तो जास्त आढळतो. आधी कळलं तर डॉक्टर ते औषध वापरतच नाहीत.

आणि विंचू. हसू नकोस. ज्यांना पूर्वी विंचू चावलाय अशा काही जणांना पाठीतली भूल चढतच नाही, असे अनुभव आपल्या भूलतज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकात लिहिलेत. तुला कापणीच्या वेळी चावला होता, मला आठवतंय. तेही सांग.

सकाळच्या चहाचा हट्ट नको. भुलीत ठसका लागत नाही, पोटातलं वर आलं तर ते फुफ्फुसात उतरतं, म्हणून उपाशी ठेवतात. जेवण, पेज, दुधाचा चहा यांनंतर निदान सहा तास गेले पाहिजेत. सोलकढीतही नारळाचं दूध असतं, ती पेजेच्याच हिशेबात धर. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुझ्या डॉक्टरांनी वेगळी वेळ दिली असेल तर तीच पाळ. चुकून काही खाल्लं तर सांगून टाक. ऑपरेशन पुढे ढकलतील, रागावतील फार तर. जोडवी, बांगड्या, मंगळसूत्र घरीच ठेव. नखांना रंग नको, मेंदी नको, कारण त्या चिमट्याला बोटातून आरपार बघावं लागतं.

जाग आली की हुडहुडी भरेल, घसा खवखवेल, मळमळेल. मळमळीवर औषध असतं, मागून घे. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात वायू भरतात, त्यामुळे उजवा खांदा एकदोन दिवस दुखतो. बायका घाबरून हृदयाचं काही झालं म्हणतात. पोटातला वायू जिरला की ते जातं. पण छातीत दुखून दम लागला, उलट्या थांबेनात, लघवी होईना किंवा ताप चढला, तर वाट बघायची नाही, १०८ला फोन करायचा.

घरी सोडलं तरी त्या रात्री गावी नायरीला जायचं नाही. पाखाडी चढून वाडीवर जाणार, आणि रात्री काही लागलं तर खाली आणणार कोण? संगमेश्वरात माझ्याकडे राहा, रस्त्याला लागून घर आहे. एक दिवस स्कूटी नको, चुलीजवळ एकटीनं बसणं नको, कुठल्या कागदावर सही तर अजिबात नको. डोकं जागं वाटतं, पण पूर्ण जागं झालेलं नसतं.

आपल्यासारख्या तालुक्यांत भुलीचे डॉक्टर बहुतेकदा चिपळूणहून नाहीतर रत्नागिरीहून ठरल्या वेळी येतात, आणि पेशंटची भेट थेट टेबलावरच होते. तेवढं मान्य करू नकोस. तारीख घेतानाच विचार, भूल कोण देणार आहे आणि आदल्या दिवशी ते कधी भेटतील. हृदयाचा, दम्याचा किंवा किडनीचा त्रास असेल तर सरळ अतिदक्षता विभाग असलेलं मोठं रुग्णालय गाठावं, रत्नागिरी, डेरवण, नाहीतर घाट चढून कोल्हापूर, असं माझं स्पष्ट मत आहे. भेटीला जाताना घरातली सगळी औषधं, पाकिटं, काढ्याची बाटली, त्या पुड्यासुद्धा, एका पिशवीत घाल आणि ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी कर.