जाड अक्षरे दुरून वाचता येतात का?

भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यात आसगाव आहे आणि गोंदिया जिल्ह्यात आमगाव आहे. (१ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा होईपर्यंत दोन्ही गावे एकाच जिल्ह्यात होती.) एसटीच्या पाटीवर या नावांत फरक एकाच अक्षराचा. ‘स’ आणि ‘म’ यांची शिरोरेखा, मधली आडवी रेघ आणि काना सारखेच. डावीकडे एकाला शेपूट, दुसऱ्याला गाठ. एवढ्या खुणेवर प्रवाशाने विसंबायचे!

पाटी ठसठशीत दिसावी म्हणून रंगारी अक्षर जाड करतो. पण अक्षराची उंची तीच ठेवून रेघ जाड केली, की ती आतल्या पोकळीत शिरते. पाटी आहे हे दुरून कळते. तीवर काय लिहिले आहे ते कळत नाही.

युरोपातील ‘ब्लॅकलेटर’ अक्षरांचे हेच झाले. गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास जर्मनीत मेंझ येथे बायबल छापले, ते याच वळणाच्या खिळ्यांनी. रुंद टोकाच्या लेखणीने काढलेल्या अक्षरांची ती नक्कल होती. उभ्या रेघा जाड आणि एकमेकींना खेटून. त्यामुळे ओळीत मजकूर जास्त मावे, पण पान काळेभोर दिसे. इंग्रजी ‘मिनिमम’ हा शब्द या वळणात लिहिला तर ओळीने पंधरा उभ्या रेघा दिसतात. त्यांतून अक्षरे वेगळी काढणे सोपे नव्हते. ‘आय’वरचा टिंब मुळात अशा हस्तलिखितांतच सोयीसाठी आला. आपल्याकडे ‘ख’ हा ‘रव’ वाचला जाई, म्हणून त्याचे दोन भाग खाली जोडले गेले, तशातलाच हा प्रकार.

आज ब्लॅकलेटर उरले आहे ते मुख्यतः मथळ्यांत आणि प्रमाणपत्रांवर. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे नाव त्यातच छापतात. ते शोभते, कारण तेथे शब्द मोजके, आकार मोठा आणि नाव आधीच ओळखीचे. अनोळखी गावाच्या पाटीला ही सवलत नाही.

यामागे डोळ्याची मर्यादा आहे. दोन रेघांमधील फट डोळ्याशी सुमारे एक कला (अंशाचा साठावा भाग) एवढा कोन करत असेल, तरच निकोप डोळ्याला ती फट दिसते. पाच मीटरवर ही फट सुमारे दीड मिलिमीटर भरते, वीस मीटरवर सुमारे सहा. म्हणजे ‘म’च्या गाठीतील पोकळी सहा मिलिमीटरपेक्षा लहान असेल, तर वीस मीटरवरून तो नुसता काळा ठिपका.

हे वर्गाबाहेर पडताळून पाहा. पुठ्ठ्यांवर पाच सेंटिमीटर उंचीची ‘स’ आणि ‘म’ ही अक्षरे काढा. एक जोडी बारीक रेघेची, दुसरी शक्य तितकी जाड. पुठ्ठे न पाहिलेल्या मित्राला दूर उभे करा. तुम्ही एकेक पुठ्ठा उलटसुलट क्रमाने दाखवा आणि त्याने ओळखत ओळखत जवळ यावे. अंतरे लिहून ठेवा. मग जाड ‘म’ची बाहेरची कड तशीच ठेवून फक्त गाठीची पोकळी पांढऱ्या रंगाने वाढवा आणि पुन्हा मोजा.