पाच विषय आणि एक मोकळा तास

पुणे, 3 ऑगस्ट

चि. मुक्ता हिस,


तुझी विषयांची यादी मिळाली. तैवानमधल्या सिंचूच्या छिंग-ह्वा विद्यापीठात एक सत्र, विषय पाच, आणि पाचही इंग्रजीतून! वाचून हसू आलं. तैपेईला जाताना माझी यादीही अशीच गच्च होती. परत आले तर त्यातल्या दोन विषयांचे क्रेडिट आमच्या विद्यापीठानं धरलेच नाहीत, कारण जाण्याआधी मी लेखी मंजुरी घेतली नव्हती. म्हणून आधी हे कर: प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम विभागप्रमुखांपुढे ठेव, त्यांची सही घे आणि मगच बॅग भर.

आता यादीबद्दल. जे पुण्यात शिकता येतं त्यासाठी समुद्र ओलांडू नकोस. तू इलेक्ट्रॉनिक्सची, आणि छिंग-ह्वाच्या शेजारीच 1980 साली सुरू झालेलं विज्ञान उद्यान आहे. चिप कशी घडते हा विषय तिथेच घे. गणिताचे दोन विषय खुशाल गाळ, ते इथे पळून जात नाहीत. सत्राच्या सुरुवातीला विषय घालण्या-काढण्याची मुभा असते. पहिले वर्ग ऐकून मग ठरव.

मोकळ्या झालेल्या वेळात चिनी भाषेचा क्रेडिटचा वर्ग घे. अवघड म्हणून घाबरू नकोस. तैवानातली मुलं आधी 37 चिन्हांची बोपोमोफो लिपी शिकतात. तिची सुरुवात ऐक: प, फ, म. आपल्या मुळाक्षरांसारखीच उच्चारस्थानानुसार लावलेली, अल्पप्राणामागून महाप्राण. माझ्या वर्गातल्या अमेरिकन मुलांना प आणि फ वेगळे काढताना घाम फुटायचा, मला कधीच नाही. 'चाक' आणि 'चहा' यांतले दोन च आपल्या जिभेवर आहेत, तसे दोन्ही तिथेही लागतात. चार सूर मात्र आपल्यालाही नव्यानेच शिकावे लागतात, त्यात सवलत नाही. आणि अक्षरं जुन्या वळणाची: 'शिकणे' या अर्थाचं श्वे चीनच्या मुख्य भूमीवर 8 रेघांत होतं, तैवानात 16 रेघा ओढाव्या लागतात. हात दुखेल, पण डोळा तयार होईल.

आणखी एक वाट कुठल्याच माहितीपत्रकात ठळक छापलेली नसते. तिला 'फांग-थिंग' म्हणतात, म्हणजे बाजूला बसून ऐकणं. प्राध्यापकांना विचारून चिनीतून चालणाऱ्या एखाद्या वर्गात मागच्या बाकावर बस. ना परीक्षा, ना क्रेडिट. आधी फक्त आकडे कळतील, मग फळ्यावरची आकृती पाहून अधूनमधून एखादं वाक्य.

निव्वळ भाषेसाठीच जावं असं वाटलं तर ते पदवीनंतर. तैपेईच्या श-ता विद्यापीठाचं भाषाकेंद्र 1956 पासून चालू आहे. तैवानच्या शिक्षण मंत्रालयाची ह्वायू शिष्यवृत्ती काही महिन्यांपासून वर्षभरापर्यंत मिळते. पण तिथे आठवड्याला किमान 15 तास भाषेलाच द्यावे लागतात. चिपच्या प्रयोगशाळेबरोबर ते झेपणार नाही. दोन दगडांवर पाय नको.

शेवटी न्याहारीची गोष्ट. पहिल्या सकाळी दुकानातल्या बाईंनी विचारलं, "नेइ-युंग? वाइ-ताइ?" मी दोन्हींना मान डोलावली. त्यांनी अंड्याची पोळी पिशवीत भरली, आणि मी ती हातात धरून तिथल्याच स्टुलावर बसले. पुढे कळलं की पहिलं म्हणजे इथेच खाणार, दुसरं म्हणजे घेऊन जाणार. सत्र संपेपर्यंत मी इंग्रजी वर्गांमध्येच फिरत राहिले, आणि त्या बाईंशी माझं बोलणं त्या दोन शब्दांपुढे कधी गेलंच नाही. त्याची रुखरुख अजून आहे. तू तिसरा शब्द शिकून ये.

नवी यादी आठवड्याभरात पाठव. आईला नमस्कार.

तुझी,
आत्या