हवामानाचा अंदाज ऐकावा कसा?
(मुंबई उपनगरांतल्या पावसावरून एक पाठ)



आपल्या कार्यक्षेत्रात असे घर विरळाच, की ज्यातले कोणी पोटापाण्यासाठी मुंबईला नाही. कोणाचा मुलगा घाटकोपरला, कोणाची लेक मुलुंडला, कोणाचा भाऊ अंधेरीच्या कारखान्यात. पावसाळा लागला की तिकडून फोन येतो, "इकडं कालपासून धरलाय, तिकडं हाय का न्हाई?" आणि आपण इकडे पाण्याच्या पाळीची वाट बघत बसलेलो असतो. मग पारावर निकाल लागतो, की वेधशाळेचं काय खरं नाही.

हा निकाल जरा घाईचा आहे. अंदाज चुकतात, नाही असे नाही. पण पुष्कळ वेळा अंदाज बरोबर असतो आणि आपले ऐकणे अर्धे असते. अंदाजातला एकेक शब्द मापाने घातलेला असतो. किती पाऊस, किती ठिकाणी आणि कोणत्या मुदतीत, या तिन्ही गोष्टी त्यात असतात. आपण फक्त 'पाऊस' एवढेच ऐकतो आणि बाकीचे सोडून देतो. उसाच्या शेतीत त्या सोडून दिलेल्या शब्दांनाच पैसे पडतात.

आधी मुंबईचे उदाहरण घेऊ, कारण याहून ठळक उदाहरण मिळणार नाही. मुंबईत हवामान खात्याच्या मुख्य वेधशाळा दोन. एक दक्षिण टोकाला कुलाब्याला, दुसरी उपनगरात सांताक्रूझला विमानतळाजवळ. कुलाब्याची फार जुनी, १८२६ सालची. (तिथे पूर्वी पृथ्वीच्या चुंबकत्वाचीही मोजणी चाले. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हटल्यावर ते काम अलिबागला हलवले. मोजणारा माणूस जागेच्या बाबतीत किती काटेकोर असतो, ते यावरून दिसते.) दोन्ही वेधशाळांमध्ये अंतर सुमारे २५ किलोमीटर, म्हणजे आपल्या कारखान्यापासून लांबच्या गटातल्या एखाद्या गावाएवढे.

आता २६ जुलै २००५ चा दिवस बघा. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. जुलैच्या संबंध महिन्यातसुद्धा तिथे सरासरीने एवढा पाऊस पडत नाही. त्यातला बहुतेक दुपारी अडीचनंतरच्या काही तासांतला. विहार तलावावर तर आकडा हजाराच्या वर गेला. आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पडला ७३ मिलिमीटर! फोर्टातल्या कचेरीतला माणूस छत्री घेऊन निवांत निघाला, आणि अंधेरी-कुर्ल्याच्या पुढे रस्ताच दिसेना. त्यात सुमारे साडेचार मीटरची भरती. विहार-पवईकडून माहीमच्या खाडीकडे येणारी मिठी नदी फुगली, आणि तिच्या पाण्याला पुढे वाट नाही. मुंबईत चारशेच्या वर माणसे दगावली.

असे का झाले? बंगालच्या उपसागराकडे कमी दाबाचे क्षेत्र होते, पश्चिम किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा होता, आणि समुद्रावरून बाष्प जोरात आत येत होते. अशा वेळी ढग दहा-पंधरा किलोमीटर उंच वाढतात. पण ते सगळीकडे सारखे वाढत नाहीत. जिथे उभे राहतील तिथे रिकामे होतात. त्या दिवशी ते उत्तर उपनगरांवर उभे राहिले. शिवाय बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. फार उंच नाहीत, पण समुद्राच्या ओल्या वाऱ्याला वर ढकलायला तेवढा चढ पुरतो. म्हणून एरवीच्या वर्षांतही पावसाळ्याची सरासरी कुलाब्यापेक्षा सांताक्रूझची जास्त असते.

यावरून कोणी 'उपनगरात जास्त, कुलाब्यात कमी' असा नियम बांधू नये. कुलाब्याने ५ जुलै १९७४ ला एका दिवसात ५७५ मिलिमीटर पाऊस घेतलेला आहे. आणि २०२५ साली मान्सून मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला (नेहमीची तारीख ११ जून), तेव्हा जोर दक्षिण टोकाला होता, उपनगरांत त्या मानाने कमी. तेव्हा 'मुंबईत पाऊस' या दोन शब्दांवरून अंधेरीचे काय झाले ते कळत नाही. मग 'आपल्या जिल्ह्यात पाऊस' यावरून आपल्या फडाचे काय होणार ते कसे कळेल?

इथे अंदाजाचे शब्द कामाला येतात. सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो 'तुरळक' या शब्दाचा. 'जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस' असे ऐकले की आपण म्हणतो, चला, तुरळकच आहे, भुरभुर येईल. साफ चूक. 'तुरळक' हा शब्द पावसाचा नाही, ठिकाणांचा आहे. जिल्ह्यात जितकी मोजणीची ठिकाणे, त्यांपैकी जास्तीत जास्त पाव हिश्श्यात पाऊस होईल, एवढाच त्याचा अर्थ. 'काही ठिकाणी' म्हणजे पाव ते निम्मी, 'अनेक ठिकाणी' म्हणजे निम्मी ते पाऊण, आणि 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे पाऊण हिश्श्याच्या वर. म्हणजे 'तुरळक ठिकाणी मुसळधार' याचा अर्थ असा, की चार गावांतल्या एखाद्याला झोडपणार आणि तीन गावे कदाचित कोरडी राहणार. ते एक गाव कोणते, हे दोन दिवस आधी कोणीच सांगू शकत नाही. कोरड्या तिघांनी अंदाजाला शिव्या द्यायच्या आणि झोडपलेल्याने 'सांगितलं नाही' म्हणायचे, असे दर वर्षी चालते. वास्तविक अंदाज चौघांनाही बरोबरच होता.

पावसाच्या मापाचेही तसेच. अर्धा तास पत्र्यावर ताशा वाजला की आपल्या दृष्टीने तो मुसळधार. हवामान खात्याच्या भाषेत मात्र चोवीस तासांत साडेपंधरा मिलिमीटरपर्यंत हलका, तिथून ६४.४ पर्यंत मध्यम, आणि ६४.५ पासून पुढे मुसळधार. ११५.६ पासून अति मुसळधार, २०४.४ च्या पुढे अत्यंत मुसळधार. आणि चोवीस तास म्हणजे रात्री बारा ते बारा नव्हे. सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. त्यामुळे २६ जुलैच्या दुपारचा पाऊस वहीत २७ तारखेच्या सकाळच्या मोजणीत येतो. वर्तमानपत्रातल्या आकड्याशी आपला आकडा जुळत नाही, त्याचे कारण कित्येकदा एवढेच असते.

आणखी एक रंगांचा प्रकार आहे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. हा इशारा जिल्ह्याला असतो, पण पुणे, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांत घाटाचा भाग वेगळा काढून सांगतात. 'सातारा घाट' भागाला लाल रंग असला म्हणून फलटण-माणच्या माणसाने उसाची पाळी रद्द करण्याचे कारण नाही. नदीकाठच्या सभासदांनी मात्र उलटा विचार करावा. आपल्या शिवारात ऊन असले तरी घाटाच्या लाल रंगाकडे बघावे. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस झाला. ते पाणी खाली कुठे आले हे कृष्णाकाठाला सांगायला नको. नदीकाठची मोटार आणि स्टार्टर वर घेण्याचा निर्णय आपल्या अंगणातल्या पावसावर घ्यायचा नसतो, घाटातल्या पावसावर घ्यायचा असतो.

मुदत जेवढी जवळ, तेवढा अंदाज नेमका. २००५ साली मुंबईला डॉप्लर रडार नव्हते. पुढे कुलाब्याला बसले, आणि जानेवारी २०२२ मध्ये अंधेरीजवळ वेरावलीला दुसरे सुरू झाले. महापालिकेनेही उपनगरांसह शहरभर साठच्या वर आपोआप मोजणारे पर्जन्यमापक बसवले. रडारला ढग प्रत्यक्ष दिसतो, कोणीकडे सरकतो ते दिसते. म्हणून 'येत्या तीन तासांत' असा जो इशारा येतो, तो गांभीर्याने घ्यावा. विजेच्या वेळी तर फडातली माणसे लगेच बाहेर काढावीत. चार-पाच दिवसांचा अंदाज कामाचे वेळापत्रक लावायला चांगला. कृषी विद्यापीठांच्या केंद्रांकडून मंगळवारी आणि शुक्रवारी पिकांच्या सल्ल्यासह पत्रक निघते, 'मेघदूत' ॲपवरही ते मिळते. राहिला उन्हाळ्यात येणारा संबंध पावसाळ्याचा अंदाज. त्यावरून फडाचे गणित मांडू नये. २०२३ साली देशाचा पाऊस सरासरीच्या ९४ टक्के झाला. आकडा वाईट दिसत नाही, पण त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा होता. पिकाला टक्केवारी पाजता येत नाही.

आता हे उसाला लावून बघू. आडसाली लागण १५ जुलै ते १५ ऑगस्टमधली. पुढच्या चार दिवसांत 'बहुतांश ठिकाणी मुसळधार' असेल आणि रान काळे, पाणी धरणारे असेल, तर बेणे तोडूच नये. तोडलेले बेणे पडून सुकते, आणि गाळात लावले तर डोळे कुजतात. 'तुरळक ठिकाणी' असेल तर लागण थांबवू नये, फक्त रानाच्या कडेचे चर मोकळे करून ठेवावेत. युरियाचे तसेच. मुसळधारच्या तोंडावर टाकलेला युरिया आपल्या उसाला नाही, ओढ्याला मिळतो. पाऊस होऊ द्यावा, वाफसा आला की टाकावा. वाऱ्यासह पावसाचा इशारा असेल तर मोठ्या उसाला आदल्या दिवशी पाणी देऊ नये, जमीन मऊ झाली की ऊस लोळतो. मे-जूनमध्ये वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की त्या संध्याकाळी हुमणीचे भुंगे कडुनिंब-बाभळीवर येतात. तो अंदाज आला की गावाने कंदील, बादली आणि रॉकेल-पाणी तयार ठेवावे. एकट्याने भुंगे गोळा करून भागत नाही.

पाळी द्यावी की न द्यावी, हा रोजचा प्रश्न. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर पाणी. दहा मिलिमीटर म्हणजे ४०,००० लिटर. ऐकायला फार वाटते, पण सेकंदाला दहा लिटर देणाऱ्या मोटारीचे ते तासाभराचे काम. पाटपाण्याच्या एका पाळीला साधारण ७५ ते ८० मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे दहा-बारा मिलिमीटरची सर आली म्हणून पाळी सोडून दिली, तर ऊस फसतो. साठ-सत्तर झाला तर पाळी खुशाल पुढे ढकलावी, वीज आणि पाणी दोन्ही वाचते.

पण किती झाला हे कळायचे कसे? तालुक्याचा आकडा म्हणजे आपल्याला कुलाब्याचा आकडा. आपला आकडा आपणच मोजावा लागेल. त्याला खर्च नाही. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा कोणताही डबा घ्यावा. तोंड रुंद असो की अरुंद, फरक पडत नाही. रुंद डब्यात पाणी जास्त येते, पण ते रुंद बुडावर पसरते, उंची तीच राहते. तोंडाला आणि बुडाला मात्र रुंदी सारखी हवी, निमुळता डबा चालणार नाही. तोंड जमिनीपासून फूटभर वर येईल असा पक्का रोवावा. जवळ झाड किंवा घर असेल तर त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर ठेवावा. रोज सकाळी साडेआठला मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी उभी बुडवून मिलिमीटर बघावे, वहीत लिहावे आणि डबा पालथा करून परत ठेवावा. शून्य असले तरी शून्य लिहावे.

या वहीचा आणखी एक उपयोग आहे. नुकसानभरपाईसाठी सरकार अतिवृष्टी धरते ती महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर, आणि पुढे पंचनाम्यात पिकाचे नुकसान ३३ टक्क्यांच्या वर दिसले तर. मंडळाचे यंत्र एका गावात असते आणि ढग दुसऱ्या गावावर फुटतो. आपली घरची वही सरकारी पुरावा ठरत नाही, हे स्पष्ट सांगतो. पण एका शिवारातल्या पाच-सहा सभासदांनी वेगवेगळ्या ठिकाणी, एकाच वेळी मोजलेले आकडे जुळत असतील, तर तलाठी आणि कृषी सहायकांना त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन शिवार बघायला बोलावता येते. पाणी शेतात उभे आहे तोवर बोलावलेले बरे. ओसरल्यावर सगळ्यांचीच राने सारखी दिसतात.