बोटीच्या इंजिनाला मोटारीचा कॅम चालेल का?

प्रश्न : आम्ही अमेरिकेत मिसुरी राज्यात राहतो. लेक ऑफ द ओझार्क्सवर फिरवायला एक जुनी बोट घेतली आहे. तिच्यात शेवरलेचं 454 घन इंचांचं बिग-ब्लॉक इंजिन आहे, ताकद 330 हॉर्सपॉवर. इंजिन आता बांधायला आलं आहे. हेच 454 इंजिन 1970 च्या शेव्हेल मोटारीत 450 हॉर्सपॉवर देत होतं, असं वाचलं. तिचा कॅमशाफ्ट बसवला तर बोटीलाही तेवढी ताकद मिळेल का?

उत्तर : तो कॅम बसवू नका. तेवढी ताकद तर मिळणार नाहीच, वर इंजिनात पाणी शिरायची भीती आहे.

आधी आकड्यांचं पाहू. शेव्हेलच्या एलएस6 इंजिनाची 450 हॉर्सपॉवर मिनिटाला 5,600 फेऱ्यांवर मिळत असे. कॉम्प्रेशन 11.25 ला 1, आणि मोजणी मोटारीबाहेर काढलेल्या नुसत्या इंजिनाची. तुमचं इंजिन प्रोपेलरला जोडलेलं आहे आणि पूर्ण थ्रॉटलला साधारण 4,400 ते 4,800 फेऱ्यांवर थांबतं. मोटारीचा तो कॅम वरच्या फेऱ्यांत जोर देतो, खालचा काढून घेतो. बोटीला नाक वर काढून पाण्यावर तरंगत धावायला नेमका खालचा जोर लागतो.

आता पाण्याचं. कोणता व्हॉल्व्ह केव्हा उघडायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा, हे कॅमवरचे उंचवटे ठरवतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत असतानाच इनटेक उघडू लागतो आणि क्षणभर दोन्ही उघडे राहतात. याला ओव्हरलॅप म्हणतात. वेगासाठी बनवलेल्या कॅममध्ये तो मुद्दाम जास्त ठेवलेला असतो. मोटारीत त्यामुळे फार तर आयडलला इंजिन हिसके देतं. बोटीत मात्र इंजिन थंड करून आलेलं पाणी एक्झॉस्टच्या रायझरपाशी धुरातच सोडतात, म्हणजे पुढचा पाइप तापत नाही. धक्क्यापासून बोट हळूहळू बाहेर काढताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये हवेचा दाब कमी असतो. ओव्हरलॅपच्या त्या क्षणी धूर उलटा ओढला जातो आणि त्याच्याबरोबर पाण्याचे थेंबही आत येतात.

हे घडतंय का, ते आजच तपासता येईल. आठही स्पार्क प्लग काढा आणि एकेक उजेडात धरून पाहा. टोक कोरडं, फिकट तपकिरी असेल तर ठीक. धातूच्या कडेला गंजाचे तांबूस ठिपके दिसले, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी पोचलेलं आहे. पाणी दाबून आकसत नाही. ते साचलेलं असताना पिस्टन वर आला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून बोटीसाठीच बनवलेला, कमी ओव्हरलॅपचा कॅम घ्या. त्याच्या इनटेक आणि एक्झॉस्टच्या उंचवट्यांमधलं अंतर बहुधा 112 ते 114 अंश असतं.

मग ताकद वाढवायची कशी? फेरे वाढवता येत नाहीत, तेव्हा घनफळ वाढवायचं. क्रँकशाफ्ट बदलून स्ट्रोक 4 इंचांवरून 4.25 इंच करायचा आणि बोअर 4.25 वरून 4.31 इंच, म्हणजे 454 चे 496 घन इंच होतात. मात्र बोअर मारण्याआधी सिलिंडरच्या भिंतींची जाडी अल्ट्रासॉनिक यंत्राने मोजून घ्या. बोट पूर्वी समुद्रात चाललेली असेल, तर खाऱ्या पाण्याने ब्लॉक आतून खाल्लेला असू शकतो.

पिस्टन बसवतानाही मोटारीची मापं लावू नका. मोटारीला सपाट रस्त्यावर ताकदीचा थोडाच भाग पुरतो. बोट म्हणजे भरलेला ट्रक दिवसभर कशेडी घाट चढतोय. पिस्टन तापून फुगतो आणि तळ्याच्या पाण्याने सिलिंडरची भिंत गार राहते, म्हणून दोन्हींतली फट जास्त ठेवावी लागते. कॉम्प्रेशन 9 च्या आतच ठेवा. इंजिन नॉक करू लागलं तर मोटारीत ऐकू येतं, बोटीच्या गोंगाटात येत नाही.

एका बाबतीत मात्र तडजोड करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी साचते. कार्बुरेटर, स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर, इंधनपंप बोटीसाठीच बनवलेले हवेत आणि कार्बुरेटरवर फ्लेम अरेस्टर हवाच. मोटारीचा स्टार्टर तसाच दिसतो, स्वस्तही मिळतो. पण त्याची एक ठिणगी बोट पेटवू शकते, आणि तुमची मुलं त्याच बोटीत बसलेली असतात. इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर चालवायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

आणि अपेक्षा नेमकी ठेवा. पाण्यावर तरंगत धावणाऱ्या बोटीचा वेग ढोबळमानाने ताकदीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. 330 चे 400 हॉर्सपॉवर केले, तर ताशी 50 मैलांचे 55 होतील.

म्हणून इंजिन खोलण्याआधी एक दिवस तळ्यावर जा. नेहमीइतकी माणसं आणि इंधन घेऊन पूर्ण थ्रॉटल द्या. इंजिन किती फेऱ्यांवर थांबतं, वेग किती मिळतो आणि प्रोपेलरचा पिच किती इंच आहे, हे वहीत लिहून ठेवा. इंजिन बांधून झालं की पुन्हा तशीच फेरी मारा. फेरे मर्यादेबाहेर जाऊ लागले, तर जास्त पिचचा प्रोपेलर लावा. तेव्हा कुठे नवी ताकद पाण्यात उतरेल.