नवी भविष्यवाणी आणि पवित्र शास्त्र : शिकवण कशी पारखायची?



आज आपण ख्रिस्ती धर्मातला एक अवघड प्रश्न सोपा करून पाहू. आजच्या काळात कोणी म्हणालं, "मला देवाचं दर्शन झालं, त्याने हा संदेश दिलाय," तर त्यावरून मंडळीची शिकवण ठरवायची का?

शब्दाचा अर्थ

भविष्यवाणी म्हणजे फक्त पुढचं सांगणं नव्हे. बायबलमधला संदेष्टा देवाचा निरोप लोकांपर्यंत पोचवतो. कधी तो चुका दाखवतो, कधी धीर देतो.

शास्त्रातल्या कसोट्या

१) अनुवाद १८ : देवाच्या नावाने सांगितलेली गोष्ट घडली नाही, तर तो संदेश देवाचा नाही.

२) अनुवाद १३ : चिन्ह खरं ठरलं, पण तो माणूस दुसऱ्या देवांकडे वळवत असेल, तर त्याचं ऐकायचं नाही. म्हणजे चमत्कार हा पुरेसा पुरावा नाही.

३) १ थेस्सलनीकाकरांस ५ : संदेशाला तुच्छ मानू नका, पण सगळं पारखून घ्या आणि चांगलं तेच धरा.

४) प्रेषितांची कृत्ये १७ : बिरुयाचे लोक खुद्द पौलाचं बोलणंही रोज शास्त्रात तपासून पाहत. लेखक त्यांना नावं ठेवत नाही, उलट त्यांचं कौतुक करतो.

एक खरं उदाहरण

अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ला येशू परत येईल, असं मानलं होतं. तसं घडलं नाही. त्यानंतर डिसेंबरमध्ये १७ वर्षांच्या एलन हार्मन हिला पहिलं दर्शन झालं, असं तिने सांगितलं. हीच पुढे एलन व्हाइट म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यासह या लोकांतून १८६३मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळीची संघटना उभी राहिली. पुण्यातली स्पायसर ही संस्था याच मंडळीची.

हे लोक शनिवारी शब्बाथ पाळत. पण तो शुक्रवारी नेमका कधी सुरू होतो? जोसेफ बेट्स हे निवृत्त जहाज-कप्तान. त्यांच्या मते संध्याकाळी ६ वाजता. बहुतेकांनी तेच धरलं, एलन व्हाइट यांनीसुद्धा. मग जे. एन. अँड्र्यूज या तरुणाने शास्त्राचा अभ्यास केला. लेवीय २३ मध्ये शब्बाथ संध्याकाळपासून संध्याकाळपर्यंत आहे, आणि मार्क १ मध्ये संध्याकाळ म्हणजे सूर्यास्त, असं त्याने दाखवलं. नोव्हेंबर १८५५मध्ये बॅटल क्रीक इथल्या परिषदेत हा अभ्यास वाचला गेला. बहुतेकांना पटला, बेट्स आणि एलन व्हाइट यांना लगेच नाही. त्यानंतर एलन व्हाइट यांना दर्शन झालं आणि त्यात सूर्यास्तालाच पुष्टी मिळाली. मग वाद मिटला.

यातून काय शिकायचं?

इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी शास्त्राचा अभ्यास, मग दर्शन. जिला दर्शनं होत, तिचं स्वतःचं मतसुद्धा शास्त्राने बदलायला लावलं. त्यांचे पती जेम्स व्हाइट यांनीही पुढे लिहिलं की, आधी लोकांनी वचन कसून शोधावं. दर्शनांनी त्याची जागा घेऊ नये.

पण टीकाकारांचा प्रश्नही रास्त आहे. शेवटचे काही जण ऐकले ते शास्त्रामुळे की दर्शनामुळे? शास्त्राचा अर्थ काय हेच जर दर्शन ठरवणार असेल, तर दर्शनाची परीक्षा शास्त्राने होईल कशी? आपण फूटपट्टीने रेघ मोजतो. रेघेवरून फूटपट्टीवर खुणा करायला लागलो, तर प्रत्येक रेघ बरोबरच निघेल!

म्हणून एक साधी चाचणी करून बघा. दर्शन क्षणभर बाजूला ठेवा. ती शिकवण केवळ शास्त्राच्या आधारावर उभी राहते का? दर्शन न मानणाऱ्या माणसालाही ती उघडून दाखवता येते का? अँड्र्यूजचं म्हणणं या चाचणीत टिकतं, कारण त्याचे आधार बायबल हातात असलेला कोणीही तपासू शकतो. जी शिकवण दर्शन काढताच कोसळते, ती मंडळीवर लादू नये.

मग नव्या संदेशाचं काम उरतं का? उरतं. १ करिंथकरांस १४ प्रमाणे उभारणी, उत्तेजन आणि सांत्वन हे संदेशाचं काम आहे. विसरलेल्या वचनाकडे तो बोट दाखवू शकतो. पाया मात्र तो नव्याने घालत नाही.

विचार करा

१) चिन्ह खरं ठरूनही संदेश का नाकारावा लागतो?

२) पौलाला तपासणाऱ्यांचं कौतुक झालं, मग आजच्या संदेष्ट्याला तपासणं हा अविश्वास कसा ठरेल?

३) तुमच्या मंडळीतली एक शिकवण घ्या आणि वरची चाचणी लावून पाहा.